दुरुस्ती झाली, मग भाडे पूर्ववत केव्हापासून?

प्रश्न : टिळकवाडीतील एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. पतीच्या निधनानंतर मी मुलाकडे राहते आणि या फ्लॅटचे भाडे हेच माझे स्वतःचे उत्पन्न आहे. एक शिक्षक कुटुंब चार वर्षांपासून तेथे राहते आणि भाडे दरमहा ९,००० रुपये ठरले आहे. गेल्या जुलैच्या पावसात झोपण्याच्या खोलीचा स्लॅब गळू लागला, गिलाव्याचा मोठा पापुद्रा पलंगावर पडला आणि बाथरूमच्या पश्चिमेकडील भिंतीलाही ओल आली. खोली बंद ठेवावी लागल्यामुळे भाडेकरूंनी सवलत मागितली. 'दुरुस्ती होईपर्यंत २,५०० रुपये कमी द्या,' असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश मी पाठवला आणि ऑगस्टपासून ६,५०० रुपये घेत आले. डिसेंबरमध्ये नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांचा नवा करार झाला. त्यात भाडे ९,००० रुपयेच लिहिले आहे. यंदा एप्रिलमध्ये असोसिएशनने गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले, मे महिन्यात मी आतला गिलावा व रंग करून घेतला. गच्चीच्या कामातील माझा वाटा धरून एकूण ८५,००० रुपये खर्च आला. जूनमध्ये मी भाडेकरूंना दोन गोष्टी सांगितल्या : यापुढे १०,५०० रुपये द्यावेत आणि मागील दहा महिन्यांत कमी दिलेले २५,००० रुपयेही हप्त्याने फेडावेत. ते म्हणतात की खोली आता कोरडी आहे आणि १५ जूनपासून ते ती वापरतही आहेत, परंतु बाथरूमच्या भिंतीची ओल कायम असल्यामुळे ६,५०० रुपयेच देणार. भिंतीचे बाहेरील काम खरोखरच राहिले आहे. माझे कुठे चुकते आहे का?
– एक वाचक भगिनी, बेळगाव

उत्तर : ताई, आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या मागण्या एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि माझ्या मते वाद चिघळण्याचे खरे कारण तेच आहे. कमी केलेले भाडे पूर्ववत करणे ही एक मागणी, दुरुस्तीच्या खर्चापोटी मूळ भाड्यापेक्षा अधिक मागणे ही दुसरी आणि दिलेली सवलत मागे जाऊन वसूल करणे ही तिसरी. यांपैकी पहिली मागणी बव्हंशी न्याय्य आहे. दुसरी आज करता येत नाही, आणि तिसरी आपण सोडून द्यावी.

तिसरीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यामुळेच भाडेकरूंचे मन दुखावले असावे. एखादे येणे पूर्ण किंवा अंशतः सोडून देण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याला असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ मध्ये हे स्पष्ट आहे. आपण लेखी संदेश पाठवून दरमहा २,५०० रुपये सोडले आणि दहा महिने उरलेली रक्कम कोणतीही हरकत न घेता स्वीकारली. भाडेकरूंनीही त्या बदल्यात दहा महिने एक खोली न वापरता काढली. डिसेंबरच्या करारात ९,००० हा आकडा आहे, त्याच्या आधारे निदान डिसेंबरपासूनचा फरक मागता येईल, असे आपल्याला कोणी सुचवले असेल, तर तो मार्ग धरू नये. आपला संदेश आणि दर महिन्याला बँकेत जमा झालेले ६,५०० रुपये त्या मागणीच्या विरुद्ध बोलतील. शिवाय जी खोली आपण देऊ शकला नाहीत तिचे भाडे मागणे आपल्यालाही मनातून पटणार नाही.

मात्र तोच डिसेंबरचा करार दुसऱ्या बाबतीत आपल्या बाजूने उभा राहतो. सवलत चालू असतानाही दोन्ही पक्षांनी ९,००० रुपयांवर सही केली, याचा अर्थ मूळ भाडे बदललेले नाही आणि कपात तात्पुरती आहे, हे दोघांनाही मान्य होते. आपल्या संदेशातील 'दुरुस्ती होईपर्यंत' हे दोन शब्दही मोलाचे आहेत. सवलत देताना बहुतेक घरमालक केवळ 'सध्या इतके द्या' असे म्हणतात. मग ते 'सध्या' कधी संपते यावर वर्षभर वाद होतो. आपण सवलतीला शेवट जोडून ठेवला होता.

आता प्रश्न उरतो तो 'दुरुस्ती होणे' म्हणजे काय, याचा. घरमालकाच्या दृष्टीने गवंड्याला पैसे दिले की दुरुस्ती झाली. भाडेकरूच्या दृष्टीने मात्र ज्या दोषामुळे भाडे कमी झाले तो दोष गेला, म्हणजे दुरुस्ती झाली. या वादात मी भाडेकरूची व्याख्या योग्य मानतो, आणि ती घरमालकाच्याही हिताची आहे असे माझे मत आहे. कपात झाली ती खोली वापरता येत नव्हती म्हणून. त्यामुळे खोली वापरता येऊ लागली की कपातीचे कारण संपते. मग काम ८५,००० रुपयांत झाले की ८,५०० रुपयांत, हा प्रश्न भाडेकरूचा राहत नाही. उलट लाख रुपये खर्चूनही छत गळतच राहिले, तर त्या खर्चाच्या पावत्या दाखवून भाडे पूर्ववत मागता येणार नाही.

बेळगावात छताची परीक्षा पाऊसच घेतो. वॉटरप्रूफिंग करणारे लोक गच्चीवर बांध घालून साधारण चोवीस तास पाणी साठवून ठेवतात आणि खाली थेंब येतो का ते पाहतात. ही चाचणी आवश्यकच आहे. पण आपल्याकडे दिवसेंदिवस पडणारी रिपरिप आणि वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस यांची बरोबरी एका दिवसाच्या साठवलेल्या पाण्याशी होत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत झालेल्या छताच्या कामाबद्दल 'झाले' असे जून-जुलै पाहिल्यावरच खात्रीने म्हणता येते. आपल्या बाबतीत जूनचा पाऊस झाला, खोली कोरडी राहिली, भाडेकरूंनी स्वतः ते मान्य केले आणि सामानही आत हलवले. खोलीपुरता वाद येथे संपला, असे मी समजतो.

भिंतीची गोष्ट वेगळी आहे. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर आपटतो, बाहेरील गिलाव्याला बारीक तडे असतील तर पाणी आत शिरते आणि आतून कितीही रंग दिला तरी काही दिवसांत पोपडे सुटतात. हे काम बाहेरूनच करावे लागते, आणि ते आता भर पावसात करण्यात अर्थ नाही. भिंत पुरेशी सुकल्याशिवाय केलेला गिलावा व रंग टिकत नाही, त्यामुळे पाऊस ओसरल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरमध्ये, ते हाती घ्यावे. बाहेरील भिंत ही आपल्या एकटीची मालमत्ता आहे की साऱ्या इमारतीची सामाईक, हे असोसिएशनच्या कागदपत्रांत पाहावे आणि सामाईक असेल तर आजच असोसिएशनला लेखी पत्र द्यावे. असोसिएशनने उशीर केला हे कारण भाडेकरूंना देऊन मात्र चालणार नाही, कारण त्यांचा करार असोसिएशनशी नसून आपल्याशी आहे.

या भिंतीसाठी पूर्ण २,५०० रुपयांची कपात चालू ठेवावी, हा भाडेकरूंचा आग्रह मला टिकणारा वाटत नाही. कपात मुख्यतः खोलीसाठी होती. बाथरूम गैरसोयीचे झाले असले तरी ते वापरात आहे. दोष जितका उरला असेल तितकीच कपात उरावी, हे साधे प्रमाणाचे तत्त्व आहे आणि न्यायालयांनाही ते परके नाही. कोलकात्यातील एका फ्लॅटच्या खटल्यात भाडेकरूला ठरलेल्या तीन शयनकक्षांपैकी दोनच मिळाले होते आणि त्याने संपूर्ण भाडे थांबवण्याचा हक्क सांगितला होता. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य न करता मिळालेल्या भागाच्या प्रमाणात भाडे द्यावे, असे ठरवले. तेथील वस्तुस्थिती आपल्यासारखी नव्हती, तिथे खोली ताब्यातच दिलेली नव्हती. तरीही सर्व किंवा काहीच नाही असा हट्ट दोन्ही बाजूंनी सोडावा, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

माझी सूचना अशी आहे की २,५०० रुपयांपैकी २,००० रुपये खोलीचे आणि ५०० रुपये भिंतीचे धरावेत. हा विभाग कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. वापर किती अडला होता यावरून मी तो सुचवत आहे, आणि भाडेकरूंनी ६०० किंवा ७०० म्हटले तर त्यावरून बोलणी मोडू नयेत. खोली १५ जूनपासून वापरात आली, म्हणून १ जुलैपासून ८,५०० रुपये आणि भिंत कोरडी झाल्यानंतरच्या महिन्यापासून पूर्ण ९,००० रुपये, असे ठरवावे. जूनच्या उत्तरार्धाचा हिशेब मांडत बसू नये. जुलैचे ६,५०० रुपये आपण स्वीकारले असतील तर उरलेले २,००० रुपये ऑगस्टच्या भाड्यासोबत मागावेत.

हे सर्व बोलून ठरले तरी कागदावर यायला हवे. एखाद्या रविवारी सकाळी दोघांनी मिळून फ्लॅट पाहावा, छताचे आणि भिंतीचे फोटो काढावेत आणि त्याच बैठकीत साध्या भाषेत एक पत्र लिहून दोन प्रतींवर सह्या कराव्यात. मजकूर साधारण असा असावा :

'झोपण्याच्या खोलीच्या छताची गळती थांबली असून खोली दिनांक १५ जूनपासून वापरात आहे, हे आम्ही दोघांनी पाहून मान्य केले आहे. बाथरूमच्या पश्चिमेकडील भिंतीची ओल शिल्लक आहे. म्हणून दिनांक १ जुलैपासून भाडे दरमहा ८,५०० रुपये राहील. भिंतीचे काम पूर्ण होऊन भिंत कोरडी असल्याची दोघांनी पाहणी केल्यानंतर पुढील महिन्याच्या १ तारखेपासून मूळ भाडे ९,००० रुपये सुरू होईल. या पावसाळ्यात छत पुन्हा गळल्यास आणि खोली बंद ठेवावी लागल्यास, भाडेकरूने कळवल्याच्या दिवसापासून २,००० रुपयांची कपात पुन्हा लागू होईल. ऑगस्ट ते जून या महिन्यांच्या कमी भाड्याबद्दल कोणतीही बाकी नाही.'

यातील शेवटची दोन वाक्ये वाचून आपल्याला वाटेल की सगळे भाडेकरूच्याच बाजूचे आहे. पण छत पुन्हा गळले तर काय, ही भीती दूर झाल्याशिवाय कोणताही भाडेकरू मनापासून भाडे वाढवून देत नाही, आणि मागील बाकीची टांगती तलवार असेपर्यंत तो पाहणीच्या कागदावर सही करत नाही. या दोन वाक्यांच्या बदल्यात आपल्याला दरमहा २,००० रुपये आणि एक स्वाक्षरी मिळते. आपल्या भागात करार अनेकदा कन्नड किंवा इंग्रजी मसुद्यावर होतात आणि सही करणाऱ्यांपैकी एकालाच तो नीट वाचता येतो. निदान हे पत्र तरी दोघांना समजणाऱ्या भाषेत असावे.

दुरुस्तीच्या खर्चापोटी १०,५०० रुपये मागण्याविषयी आता थोडे सविस्तर लिहितो, कारण असे प्रश्न या सदराकडे वारंवार येतात आणि त्यामागे पुष्कळदा सीमेपलीकडील सल्ला असतो. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजचे नातेवाईक सांगतात की दरवर्षी चार टक्के भाडे वाढवता येते आणि दुरुस्तीचा खर्चही भाड्यात लावता येतो. ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ विषयी बोलत असतात. आपल्याकडे कर्नाटक भाडे कायदा, १९९९ आहे. तो ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. दोन्हींच्या नावात एकच साल असल्यामुळे गोंधळ होतो, परंतु महाराष्ट्राच्या कायद्यातील एकही कलम बेळगाव, खानापूर, निपाणी येथील घराला लागू होत नाही. त्यातही कर्नाटकचा कायदा ठरावीक मर्यादेपर्यंतच्या भाड्यालाच लागू आहे. ती मर्यादा मोठ्या शहरांत दरमहा ३,५०० रुपये आणि इतर भागांत २,००० रुपये अशी आहे. आज ९,००० रुपयांचा फ्लॅट त्या बाहेर पडतो आणि आपले नाते मुख्यतः आपला करार आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा यांवर चालते. भाडे कायद्याच्या कक्षेतील घरांसाठीही नियम असा आहे की घरात सुधारणा किंवा वाढीव बांधकाम केल्यास त्या खर्चाच्या वार्षिक दहा टक्क्यांपर्यंतच भाडे वाढवता येते, आणि घर राहण्यायोग्य ठेवण्यासाठीची नेहमीची डागडुजी त्यात धरली जात नाही. त्यामागील विचार आपल्यालाही लागू पडतो : गळके छत बंद करणे ही सुधारणा नव्हे, ते घर पूर्वीच्या स्थितीला आणणे आहे, म्हणून भाडेही पूर्वीच्याच स्थितीला येते, त्याच्या वर जात नाही.

चालू करार ऑक्टोबरअखेर संपतो. नव्या करारात आपण १०,००० किंवा १०,५०० रुपये मागू शकता. त्यांना मान्य नसेल तर ते घर सोडू शकतात. तो व्यवहार वेगळा आहे आणि त्याची बोलणी सप्टेंबरमध्ये वेगळी करावीत. चालू करारात ९,००० लिहिलेले असताना मध्येच आकडा बदलता येत नाही.

भाडेकरूंनी पत्रावर सही करण्यास नकार दिला आणि ६,५०० रुपयेच पाठवत राहिले, तर ते पैसे परत करू नयेत. स्वीकारावेत आणि त्याच दिवशी 'ही रक्कम भाड्यापोटी अंशतः मिळाली, २,००० रुपये बाकी आहेत' असा संदेश पाठवावा. दर महिन्याला न चुकता पाठवावा. भाड्याच्या बाकीसाठी दावा करण्याची मुदत रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांची असते, त्यामुळे घाईने टोकाचे पाऊल उचलण्याचे कारण नाही. पाणी किंवा वीज तोडणे, कुलूप बदलणे, अनामत रकमेतून परस्पर वळते करणे यांपैकी काहीही करू नये. भाडे देणाऱ्या भाडेकरूला निर्वेध वापर मिळाला पाहिजे, हे कायद्याने आपल्यावर असलेले बंधन आहे आणि अशा एका कृतीने आज आपल्या बाजूला असलेली सहानुभूती दुसरीकडे जाईल. आपण स्वतः भिंत पाहायला जायचे असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार योग्य वेळी घराची पाहणी करू देणे भाडेकरूवर बंधनकारक आहे. आदल्या दिवशी कळवून जावे.

इतके करूनही मार्ग निघाला नाही तर बेळगावच्या न्यायालय संकुलातील जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, आणि दावा दाखल होण्यापूर्वीही असा वाद लोकअदालतीपुढे ठेवता येतो. तेथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते व तिच्यावर अपील होत नाही. म्हणून तेथे सही करण्यापूर्वी आकडे आणि तारखा दोनदा वाचाव्यात.

प्रश्न : निपाणीत आम्ही जुन्या कौलारू घरात दरमहा ४,००० रुपये भाड्याने राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात पावसाआधी कौले बदलून द्यावीत म्हणून मालकांना दोन पत्रे दिली, पण त्यांनी काही केले नाही. दरवर्षी मालकच माणूस पाठवून कौले चाळून घेत असत. शेवटी जूनमध्ये मी स्वतः फुटकी कौले, काही रिपा आणि दोन वासे बदलून घेतले, ९,००० रुपये खर्च आला. त्यांना बिले दाखवून जुलै ते डिसेंबर दरमहा १,५०० रुपये वळते केले आणि जानेवारीपासून पूर्ण भाडे देत आहे. आता मालकांनी मागील सोप्याचे छत दुरुस्त केले आहे आणि म्हणतात की दुरुस्ती झाली, म्हणून 'कमी दिलेले' ९,००० रुपये भरून भाडे पूर्ववत करा. हे योग्य आहे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. आपल्या मालकांनी भाड्यातील कपात आणि खर्चाची वळती या दोन गोष्टी एकच मानल्या आहेत. कपात झाली असेल तर भाडे खरोखरच कमी होते आणि दोष गेल्यावर ते पूर्ववत करायचे असते. आपण भाडे कमी केलेलेच नाही. ४,००० रुपयांपैकी २,५०० रुपये रोख दिले आणि १,५०० रुपये कौले, रिपा व वासे यांच्या रूपाने आधीच दिले होते. सहा महिने १,५०० याप्रमाणे ९,००० रुपये फिटले, त्या दिवशी हिशेब संपला आणि जानेवारीपासून पूर्ण भाडे आपोआप सुरू झाले. पूर्ववत करण्यासारखे काही उरलेलेच नाही, आणि मागील सोप्याच्या दुरुस्तीचा या रकमेशी काही संबंध नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मधील खंड (च) असे सांगतो की, घरमालकावर ज्या दुरुस्तीचे बंधन आहे ती त्याने सूचना मिळाल्यावर वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. यातील 'ज्या दुरुस्तीचे बंधन आहे' ही अट नीट लक्षात घ्यावी, कारण ते बंधन करारातून किंवा स्थानिक रिवाजातून सिद्ध व्हावे लागते. प्रत्येक डागडुजी मालकावरच आहे असे कायदा म्हणत नाही. दरवर्षी मालकच माणूस पाठवून कौले चाळून घेत असत, हे आपले म्हणणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. ज्या माणसाने ते काम केले त्याचे दोन ओळींचे लेखी निवेदन शेजाऱ्यांच्या साक्षीने घेऊन ठेवावे. दोन पत्रांच्या प्रती, बिले आणि सहा महिन्यांच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात आणि मालकांना एक पत्र पाठवून सर्व हिशेब तारखांसह कळवावा. पत्राच्या शेवटी डिसेंबरअखेर वळती पूर्ण झाली आणि १ जानेवारीपासून पूर्ण भाडे चालू आहे, असे स्पष्ट लिहावे. ते पत्र स्पीड पोस्टाने नोंदणी करून पाठवावे.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा कौलांचा प्रश्न येईल. त्या वेळी काम करण्यापूर्वीच खर्चाचा अंदाज मालकांना दाखवून 'आपण पंधरा दिवसांत केले नाही तर मी करून घेईन आणि दरमहा इतके वळते करीन' असे लिहावे. गेल्या वर्षी आपण दोन पत्रे दिली हे उत्तमच झाले, पण त्यांत वळतीचा उल्लेख असता तर आजचा वाद झाला नसता.

प्रश्न : शहापुरातील आमच्या वाड्यात पहिल्या मालकांनी भिंत खचल्यामुळे 'भिंत बांधून होईपर्यंत' भाडे ५,००० वरून ३,५०० रुपये करून लेखी चिठ्ठी दिली होती. आता घर विकले गेले आहे. नवे मालक म्हणतात की चिठ्ठी त्यांची नाही, मूळ करारातील ५,००० रुपये द्या. भिंत तशीच आहे.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : चिठ्ठी नव्या मालकांनाही लागू आहे. भाड्याने दिलेले घर विकले गेले की खरेदीदाराला जुन्या मालकाचे हक्क मिळतात आणि भाडेकरूने तसे म्हटल्यास त्याच्या जबाबदाऱ्याही येतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ चा आशय हाच आहे. मूळ कराराच्या आधारे ५,००० रुपये मागणाऱ्याला त्या करारातील नंतरचा बदलही स्वीकारावा लागतो. चिठ्ठीची झेरॉक्स आणि खचलेल्या भिंतीचे आजचे फोटो नव्या मालकांना पोच घेऊन द्यावेत, ३,५०० रुपये वेळेवर भरत राहावे आणि पावती किंवा बँकेतील नोंद जपून ठेवावी. नव्या मालकांनी भिंत बांधण्यासाठी गवंडी पाठवला तर त्याला एक दिवसही अडवू नये. भिंत उभी राहून आपल्याला जागा पूर्वीप्रमाणे वापरता येऊ लागली की त्यानंतरच्या महिन्यापासून ५,००० रुपये द्यावे लागतील, हे आपणही मनात धरून ठेवावे.